पोहरा सोडताना

"पिशवी तर सहा वर्षाखालीच काढली. मग हे दुखायलंय कुठं?"

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, अंगणवाडीच्या खोलीत, मावशीनं हे विचारलं तेव्हा माझ्या हातात पंक्चरवाल्याकडून आणलेली स्कूटरची जुनी ट्यूब होती. भिंतीवर अ अननसाचा, खाली सतरंजी, आणि सतरंजीवर सात बायका पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. मी मावशी म्हणत होते ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी होती. तिला मावशी म्हणताना पहिले काही दिवस मला कसंतरीच व्हायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही नंतर कसंतरी वाटलं.

मी अंबाजोगाईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघे, खांदे, लकवा झालेले हातपाय, क्रिकेट खेळून पाय मुरगळलेली कॉलेजची पोरं, असं रोजचं काम. ओटीपोटाच्या दुखण्याकडे मी वळले ती स्वतःच्या दुखण्यामुळे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माकडहाडापाशी आणि जांघेत एक ठणका बसला, तो दोन वर्षं हलला नाही. स्कूटीवर बसलं की वाढायचा, लघवीला जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटायचं. सोनोग्राफी झाली, लघवीच्या तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या अशा दुखण्याला आमच्या पुस्तकात दीर्घकालीन ओटीपोटदुखी म्हणतात. सासूबाई त्याला 'बाळंतवारा' म्हणायच्या. दोन्ही नावांनी दुखणं तेवढंच राहिलं.

मी केलं ते सगळ्या फिजिओथेरपिस्ट करतात तेच. केगल. आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये मांडलेले व्यायाम: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. बाळंतपणानंतर खोकला आला की लघवी सुटते अशा बायकांना त्याचा फार उपयोग होतो, मी स्वतः कितीतरी जणींना शिकवले आहेत. मी निष्ठेने दिवसातून तीन वेळा आवळत राहिले आणि दुखणं वाढत गेलं. माझा तळ सैल नव्हताच, तो आधीच मुठीसारखा वळलेला होता, हे लक्षात यायला मला आठ महिने लागले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आठ मिनिटांत लक्षात आलं असतं. आपलं शरीर आपण पेशंट म्हणून कधी तपासतच नाही.

मग साधं ताणून पाहिलं. आडवं पडून गुडघे बाजूला टाकायचे आणि पडून राहायचं. तासभर बरं वाटायचं, नंतर स्नायू पुन्हा आपल्या जागी. ताण देऊन सोडलेलं रबर जसं. तेव्हा कॉलेजातलं एक जुनं तंत्र आठवलं. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात हर्मन कबाट नावाचे डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर मार्गारेट नॉट ही फिजिओथेरपिस्ट पोलिओच्या आणि तशाच मज्जासंस्थेच्या रुग्णांवर काम करत होते. हातापायाला विरोध द्यायचा, त्या विरोधाविरुद्ध स्नायूला काम करायला लावायचं आणि त्यातूनच त्याची लांबी आणि ताबा परत मिळवायचा, अशी त्यांची वाट. आम्ही ती लकव्याच्या रुग्णांसाठी शिकलो होतो. पुढे अमेरिकेत बॉब कूली यांनी ताणाचीच एक वेगळी पद्धत काढली: स्नायू आखडलेला असताना जोर लावायचा, आणि तो जोर न सोडता त्याला लांब होऊ द्यायचं. डारा टॉरेस ही जलतरणपटू त्याच धर्तीची पद्धत वापरायची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं घेतली. (ही गोष्ट मी नंतर वस्तीवर मोठ्या उत्साहानं सांगितली. मावशीनं शांतपणे विचारलं, "तिला उचल किती भेटली?" उचल म्हणजे तोडीला निघण्याआधी मुकादम मजुरांना देतो ती आगाऊ रक्कम.)

ओटीपोटदुखीसाठी या पद्धतीवर मोठे, भक्कम अभ्यास झालेले नाहीत. मला ते माहीत होतं. पण मांडीच्या आतले, कुल्ल्याच्या खोलातले आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकमेकांना चिकटून असतात. कुल्ल्याच्या आतला एक पंख्यासारखा स्नायू तर तळाच्या स्नायूशी एकाच पडद्यानं बांधलेला आहे. तळापर्यंत हात पोचत नाही, शेजाऱ्यापर्यंत पोचतो. नवऱ्याला म्हटलं, माझे गुडघे धर. त्यानं दार लावून घेतलं, तो माझा नवरा आहे. मी म्हटलं, दार उघड, व्यायाम आहे. तीन महिन्यांत मी स्कूटीवरून धारूरचा घाट चढून गेले आणि उतरल्यावर जांघ चाचपून पाहायची विसरले. त्या विसरण्यावरून मला कळलं की बरं वाटतंय.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्हा देशभरच्या बातम्यांत होता. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात आहेत, हे आम्ही इथले लोक वर्षानुवर्षं ऐकून होतो. तेव्हा ते छापून आलं. राज्य सरकारनं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. त्याच्या तीन-चार वर्षं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. खाजगी दवाखान्यांना ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम आला. मुंबई-पुण्याचे पत्रकार आले, गेले.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी विचारली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारली नाही, ती मावशीनं विचारली. पिशवी काढली. दुखणं कुठं गेलं नाही. का?

माझी आई ऊसतोडीला जायची. मी पाचवीपर्यंत आजीजवळ राहिले म्हणून शिकले. त्यामुळे फडातलं काम मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, पण ते स्नायूंच्या भाषेत मी कधी वाचलं नव्हतं. पहाटे तीन-चारला उठायचं. नवरा कोयत्यानं ऊस तोडत पुढे, बायको मागे वाकून गोळा करत, वाढ्यानं मोळी बांधत. मग ती तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी हलते. चढताना बाई श्वास कोंडते, पोट आवळते, खालून सगळं आवळून धरते, नाहीतर ती पडेल. असं दिवसात किती वेळा, ते ट्रक भरेपर्यंत. फडात आडोसा नाही, म्हणून लघवी धरून ठेवायची, म्हणून पाणीही बेतानंच प्यायचं. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. रात्री कोपीत निजायचं तर तिला दार नसतं, झोपसुद्धा आवळलेली. दिवाळीच्या आगेमागे गेलेली टोळी कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परतणार. पाच-सहा महिने हे शरीर एक क्षण सैल सोडलेलं नसतं.

अशा शरीरात जंतुसंसर्ग खरा असतो, पांढरं जाणं खरं असतं, गाठीही असतात. पण जो ठणका जांघेतून माकडहाडाकडे जातो, उकिडवं बसलं की चढतो, त्याचा पुष्कळ भाग स्नायूंचा असू शकतो. सोनोग्राफीत स्नायूचा पीळ दिसत नाही, पिशवी दिसते. जे दिसतं ते काढलं जातं. माझ्या आईची चौतिसाव्या वर्षी काढली. कुठल्या दवाखान्यात ते सांगून आता काही उपयोग नाही. कंबर मात्र ती शेवटपर्यंत हातानं धरूनच चालली.

२०२२ च्या आषाढात मी मंगळवार आणि शुक्रवारी दुपारी त्या वस्तीवर जायला लागले. आशाताईंनी सात जणी जमवल्या. मावशीच्या प्रश्नाला मी झोळी दाखवून उत्तर दिलं. फडात तुम्ही लेकरू झोळीत टाकता ना, तशी एक झोळी आपल्या बुडाशी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. पिशवी त्या झोळीत बसलेलं लेकरू. लेकरू काढलं तरी झोळीची गाठ तशीच आवळलेली राहते. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी गाठ सोडायची व्हती." शेजारची हसली. मावशी हसली नाही.

पहिला प्रकार सोपा निवडला. उताणं पडायचं, गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवायचे. दुसरीनं समोर बसून दोन गुडघ्यांच्या आतून हात लावायचे. पडलेलीनं गुडघे आत दाबत राहायचं, बसलेलीनं हळूहळू बाजूला उघडत न्यायचे, आठ अंकांत. आतला जोर चालूच राहायला हवा आणि तरी गुडघे उघडत जायला हवेत.

झालं काय, तर गुडघे उघडेचनात. या बायकांच्या मांड्यांत इतकी ताकद की समोरचीचे हात थरथरायला लागले. मी स्वतः बसले, माझेही हात हरले. म्हटलं, मावशी, थोडं सोडा. तर तिनं एकदम सगळंच सोडलं, गुडघे धाडकन बाजूला, आणि ती कळवळून उठून बसली. मी म्हणायचे जोर लावा, त्या भिंत व्हायच्या. मी म्हणायचे सोडा, त्या दोर तुटल्यासारख्या पडायच्या. दोन्हीच्या मधलं काही त्यांच्या अंगाला माहीतच नव्हतं. दोन आठवडे असेच गेले. घाट उतरताना मी ठरवलं होतं की पुढच्या मंगळवारी नुसत्या श्वासाचं शिकवायचं आणि हा नाद सोडायचा.

त्या मंगळवारी मावशीची सून दारात उभी राहून बघत होती. वीस-एकविसाची पोर, पोटुशी, म्हणून तिला मी घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, आडात पोहरा सोडतो तसं का वो?"

आमच्या बालाघाटच्या रानात उन्हाळ्यात टँकर येतो आणि पाणी गावच्या विहिरीत ओततो, बायका ते पुन्हा शेंदून काढतात. त्यामुळे नळाच्या जमान्यातल्या पोरींनाही दोर-पोहरा ठाऊक आहे. पोहरा खाली टाकायचा नसतो. टाकला तर कठड्याला आपटून फुटतो, दोर तळहात कापत जातो. दोर धरूनच ठेवायचा आणि धरलेल्या हातांतून एकेक वीत जाऊ द्यायचा. पाण्याला टेकला की दोर हलका पडतो, ते हाताला कळतं.

स्नायू आवळलेला असतानाच लांब होणं, यासाठी आमच्याकडे एक लांबलचक शब्द आहे. तो मी चार वर्षं शिकवला असेल. त्या पोरीनं एका वाक्यात तो निकामी केला.

"मावशी, पोहरा सोडा," मी म्हटलं. आणि गुडघे उघडायला लागले. जड, संथ, माझ्या तळव्यांवर तिचा जोर तसाच, पण वीत वीत जागा देत. आठ अंक झाले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. ती आढ्याकडे बघत म्हणाली, "गरम वाटायलंय आतून." मग आम्ही श्वास जोडला: गुडघे उघडताना नाकानं श्वास आत, कारण श्वास घेताना छातीखालचा पडदा उतरतो तशी ही झोळीही थोडी खाली उतरते. फळीवर चढणाऱ्या बाईला हे उलटं वाटतं, तिचा सगळा भरवसा कोंडलेल्या श्वासावर. मागच्या मांडीसाठी ट्यूब तळपायाला अडकवून पाय वर ओढायचा आणि टाचेनं खाली रेटायचं. कुल्ल्यासाठी गुडघा छातीकडे ओढताना तो बाहेर ढकलत राहायचं. ट्यूबपेक्षा पुढे जुनं लुगडंच बरं पडलं, ते चिमटत नाही.

दुखणं किती आहे, शून्य ते दहा सांगा, हा आमचा प्रश्न तिथे चालला नाही. "दहा" असं सगळ्याच म्हणायच्या, किंवा "काय सांगावं." म्हणून मी वेगळं विचारायला लागले. उकिडवं बसून भांडी घासून झाली का? एसटीत बीडपर्यंत बसून गेलात की उभ्यानं? मावशी श्रावणात सप्त्याच्या कीर्तनाला मांडी घालून शेवटपर्यंत बसली. हे तिनं मला सांगितलं नाही, दुसरीनं चहाडी केल्यासारखं सांगितलं. मग मुगाची तोडणी आली, पोळा आला, सोयाबीन काढायला आलं. सोयाबीन काढायच्या चार दिवसांत मावशीचा ठणका पुन्हा पहिल्यासारखा चढला. त्या शुक्रवारी ती माझ्याशी बोलली नाही. व्यायाम केला आणि निघून गेली.

सातांतल्या सगळ्यांना हे लागू पडलं असं मुळीच नाही. एकीला लघवीला जळजळ आणि अंगात कसकस होती, तिला पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं. गोळ्यांनी ती बरी झाली आणि मला म्हणाली, तुमच्यापरीस गोळी बरी. बरोबरच होतं तिचं. दुसरीचं अंग बाहेर येत होतं. तिला मी सतरंजीवर आडवंही होऊ दिलं नाही, जोर लावून ते वाढलं असतं. तिच्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेले. तिसरीचं मनात राहिलं आहे. तिची पिशवी आणि बीजकोष दोन्ही बत्तिसाव्या वर्षी काढलेले. अंगातून वाफा निघायच्या, झोप नाही, हाडं दुखायची. बीजकोष गेले की शरीर एका रात्रीत म्हातारं व्हायला लागतं, ते मांडी ताणून थांबत नाही. महिनाभर आली. मग म्हणाली, "ताई, माझं ट्यूबीनं जायचं न्हाई," आणि चहाची कपबशी विसळून ठेवून गेली. तिला गोळ्यांसाठी, तपासणीसाठी अंबाजोगाईला नेईन म्हटलं होतं. दोनदा तारीख ठरली, दोनदा तिला मजुरी मोडता आली नाही. तिसऱ्यांदा मीच विसरले.

राहिल्या चार. त्यातल्या तिघींना फरक पडला, एकीला नाही. एवढंच माझं संशोधन.

दसऱ्यानंतर बालाघाटात सीताफळं पिकतात आणि मुकादमाच्या गाड्या यायला लागतात. मावशीचा कोयता कोल्हापूरकडच्या कारखान्याला ठरला होता. सामान बांधून झालं होतं: पत्र्याची पेटी, ताडपत्री, ज्वारीचं पोतं, बांधलेली कोंबडी. मी सांगायला गेले की तिकडेही रात्री करा, झोपायच्या आधी, दोन्ही पायांना तीन-तीनदा. मावशीनं विचारलं, "धरील कोण?"

मी काही बोलले नाही. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा माणूस अर्धा कोयता. माझा व्यायामही निम्म्या कोयत्यानं होण्यातला नव्हता, आणि तिचा नवरा म्हणजे चार शब्दांपलीकडे न बोलणारा माणूस. तो पेटीवर दोर आवळत होता. गाठ मारून झाल्यावर मान वर न करता म्हणाला, "शिकवा की."

तिथेच अंगणात, निघालेल्या सामानाच्या शेजारी, मी त्याला शिकवलं. त्याचे हात कोयत्याचे, फार लवकर ओढायचे. तिनं दोनदा त्याला झापलं. तिसऱ्यांदा जमलं. वस्तीवरची पोरं गोल करून उभी होती, कुणी हसलं नाही.

मार्गशीर्षात एकदा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. दुखायलंय का, मी विचारलं. "दुखायलंय की. मोळी काय कमी झाली का?" मग म्हणाली, "पर निजायच्या टायमाला सुटतंय. पयले सुटत नव्हतं." मालकांच्या जांघेतही चमक भरती, तवा त्यांचेबी गुडघे मी धरते, हे तिनं इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

पट्टा पडला, पाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. मी गेले तेव्हा मावशी काळवंडली होती, वाळली होती. ट्यूब कुठाय म्हटलं, तर नवऱ्यानं ती मोटारसायकलला वाढ्याचा भारा बांधायला वापरली. लुगड्याचा काठ तेवढा उरला होता. टँकर नुकताच येऊन गेला होता, विहिरीवर गलका होता. मावशी घरात सतरंजीवर आडवी झाली, गुडघे चिकटवले आणि म्हणाली, "बघा बरं, चुकायलंय का." मी हात लावले. पाच महिन्यांच्या मोळ्यांचा जोर होता तो, मला दोन्ही पाय भिंतीला टेकावे लागले. तिनं श्वास घेतला आणि वीत वीत जागा द्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर अडकली, थांबली, पुन्हा सुरू झाली. सातव्या-आठव्या अंकाला माझ्या हातांवरचं ओझं आपोआप हलकं झालं.

"टेकला," ती डोळे मिटून म्हणाली. मग उठून बसली, पदर सारखा केला आणि सुनेला हाक मारली. तिला बाळंत होऊन चार महिने झाले होते, बसताना तोंड वाकडं करायची. "हिचं बघा आता. मी लेकरू घेते."